खुंट्यांऐवजी

रात्री साडेनऊला सियागंजातलं शटर अर्धं ओढून
रघुवीर माझ्या सायकलची बॅग काट्यावर ठेवतो.
चौदा किलो दोनशे.
जन्मभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस
चष्मा कपाळावर चढवून म्हणतो,
एवढं घेऊन सिमरोलचा घाट तरी चढशील का?

बॅग उलटी केली.
दुसरा टॉवेल गेला.
मलमाची बाटली गेली, आणि परत आली,
कारण गुडघा त्याचा होता.
ब्रशची दांडी करवतीनं निम्मी कापली:
सहा ग्रॅम.
लवंगेच्या शेवेचं पाकीट मात्र
दोघांनाही दिसलं नाही.

नकाशा जेवणाच्या टेबलावर,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
स्पेनचा वरचा डावा कोपरा,
उंदरानं कुरतडलेल्या पापडासारखा.
मालपिकापासून फिस्टेरापर्यंत,
जिथं जमीन संपते म्हणे.
नणंदेनं विचारलं, त्या किनाऱ्याचं नाव काय?
मी म्हटलं, दीपगृहांचा.
खरं तर लोक त्याला मरणाचा किनारा म्हणतात,
फुटलेल्या जहाजांवरून,
पण जहाजांपर्यंत तिनं मला बोलू दिलं नसतं.

आधी आठ दिवस होते.
एक दिवस मुलीच्या फीमध्ये गेला,
एक काट्यांच्या सरकारी तपासणीत,
बुधवारचं तिकीट स्वस्त होतं, त्यात तिसरा.
उरलेल्या पाचांचे चढ
रघुवीर हिशेबाच्या वहीत मांडतो,
डावीकडे किलोमीटर, उजवीकडे मीटर.
उतार लिहीत नाही.
उताराला पावती लागत नाही, म्हणतो.
चौथ्या दिवसापुढे पेन्सिलनं लिहिलंय: बस?
मी खोडलं नाही,
फक्त प्रश्नचिन्ह जरा गडद केलं.

रविवारी पहाटे महू मागे टाकून जानापाव.
ट्रकांच्या मागून, पोह्यांच्या वाफेतून,
शेवटच्या वळणावर सायकली हातात धरून.
इथून साडेसात नद्या निघतात म्हणे.
अर्धी कोणती, ते विचारायला
चहावाल्याजवळ थांबलो.
त्याला माहीत नव्हतं,
तरी आम्ही बराच वेळ विचारत राहिलो.
गुडघ्याला तेवढंच.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, दमणला,
चुलतभावाच्या लग्नात, भर ओहोटीत.
मैलभर चिखल, आणि टोकाला एक चकाकी.
जरीची साडी गुडघ्यापर्यंत धरून
मी उभी होते, तेवढ्यात पंगत बसली
म्हणून कुणीतरी हाक मारली.
ते मी रघुवीरला सांगितलेलं नाही.
त्याला वाटतं, त्याच्यापुरताच तो नवा आहे.

काल रामबागेत, गच्चीवर, तंबू लावून पाहिला.
सिमेंटमध्ये खुंटे जात नाहीत.
तो खाली गेला आणि दोन फेऱ्यांत
जुनी बिडाची वजनं घेऊन आला,
पाच किलोची चार, दोन किलोची सहा,
प्रत्येकावर सरकारी शिक्का.
बत्तीस किलोंनी धरून ठेवलेला
दीड किलोचा तंबू.
शेजारच्या गच्चीवरून चौरसियांचा आवाज आला,
क्या भिया, भाभी ने घर से निकाल दिया?
मी आतूनच ओरडले,
भाभी भी यहीं है!
मग बराच वेळ तिकडून काही आलं नाही.

टॉर्च विझवली. माळव्यातला रात्रीचा वारा
कापडाला हात लावून लावून जात होता.
दोघांमध्ये एक वीत जागा,
तीही वहीत बसवलेली.
रघुवीर म्हणाला, ऐक,
लाट अशीच वाजत असेल का?
मी म्हटलं, टाकी भरून वाहतेय,
मोटर बंद करायची राहिली.
हं, म्हणाला, आणि उठला नाही.
मीही उठले नाही.
एवढा घाट चढून आलेलं नर्मदेचं पाणी
गच्चीच्या उतारानं सावकाश येत येत
पहिल्या पाच किलोला लागलं,
मग त्याला वळसा घालून
आमच्या पायांकडे.